मोटारींतील ध्वनिवर्धक व त्याची निर्धोक जोडणी

भौतिकशास्त्राच्या तासाला ओहमचा नियम तोंडपाठ म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास, ‘हा नियम तुला शाळेबाहेर कोठें भेटला?’ असा प्रश्न केला तर तो बहुधा गोंधळून जातो. आम्हांस मात्र तो नियम गेल्या पावसाळ्यांत भर रस्त्यावर भेटला, आणि तोहि जळक्या रबराच्या वासासकट. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या मोटारींत त्यांच्या चिरंजीवांनीं मोठ्या हौसेनें एक हजार वॅटचा ध्वनिवर्धक, म्हणजे ज्यास सर्वजण ॲम्प्लिफायर म्हणतात तो, बसवून घेतला होता. काम बाजारांतील एका कारागिरानें केलेलें होतें, आणि चार महिने गाणीं उत्तम वाजत होतीं. एके दिवशीं सायंकाळीं मंडळी गाडींतून जात असतां बॉनेटच्या फटींतून धूर येऊं लागला. गाडींत गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री व दोन लहान मुलें होतीं. सुदैवानें सर्वजण वेळींच खालीं उतरले, आणि समोरच्या पेट्रोलपंपावरील एका नोकरानें आग विझविण्याचें नळकांडें घेऊन धांव घेतली, म्हणून जिवावरचें गाडीवर निभावलें.

दुसऱ्या दिवशीं ती गाडी आम्हीं पाहिली. चिरंजीव वारंवार एकच गोष्ट सांगत होते, “सर, फ्यूज होता हो. ॲम्प्लिफायरवर फ्यूज होता, आणि तो अजूनहि शाबूत आहे!” पाहतों तों तो खरोखरच शाबूत होता. फ्यूज शाबूत आणि तार मात्र जळून कोळसा, हें कोडें कसें सुटावें? त्या कोड्याचें उत्तर देण्याकरितांच हा लेख लिहिला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बरेचजण लवकरच स्वतःच्या अगर घरच्या गाडींत असे यंत्र बसविण्याचा हट्ट धरतील. त्यांनीं तो हट्ट सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. संगीताची आवड ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु जें करावयाचें तें समजून करावें, एवढाच आमचा आग्रह आहे.

बारा व्होल्टांचें भय

घरांतील वीज २३० व्होल्टांची असते म्हणून तिला आपण भितों. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टांची. तिच्या दोन्ही टोकांस कोरडीं बोटें लावलीं तरी झटका बसत नाहीं. यावरून ‘ही वीज गरीब आहे’ असा पुष्कळांचा समज झालेला असतो, आणि बहुतेक अनर्थाचें मूळ या समजांतच आहे.

विजेची शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपियर बरोबर वॅट. दाब कमी असेल तर तितकीच शक्ति मिळविण्यास प्रवाह त्या मानानें वाढवावा लागतो. आतां आपल्या हजार वॅटच्या यंत्राचा हिशेब करूं. कोणताहि ध्वनिवर्धक घेतलेली सर्व शक्ति स्पीकरला देऊं शकत नाहीं; कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. हल्लींचे ‘डी’ वर्गाचे ध्वनिवर्धक शेंकडा ८० च्या आसपास कार्यक्षम असतात, आणि जुन्या ‘एबी’ वर्गाचे पूर्ण जोरावर शेंकडा ५० ते ६० इतकेच. म्हणजे ‘डी’ वर्गाच्या यंत्रानें १००० वॅट द्यावयाचे तर त्यानें १२५० वॅट घेतले पाहिजेत. इंजिन चालू असतां मोटारींतील दाब सुमारें १३.८ व्होल्ट असतो. १२५० भागिले १३.८, म्हणजे सुमारें ९० अँपियर.

हाच १२५० वॅटचा भार घरांतील २३० व्होल्टांवर असता तर प्रवाह साडेपांच अँपियरहि झाला नसता. पाणी तापविण्याचा ३००० वॅटचा गीझरसुद्धां १३ अँपियरच्या आसपास थांबतो. यावरून ९० अँपियर ही काय चीज आहे तें ध्यानांत येईल. शिवाय इंग्लंडांतील शास्त्रज्ञ जेम्स जूल यानें १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत प्रयोगानें सिद्ध केलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. तेव्हां त्याच तारेंतून साडेपांच अँपियरऐवजीं ९० अँपियर नेले तर उष्णता सुमारें पावणेतीनशें पट होईल. बारा व्होल्टांचें भय झटक्याचें नव्हे. तें अग्नीचें आहे.

खोक्यावरील आंकडे

हा हिशेब करण्यापूर्वीं यंत्राची खरी शक्ति किती हें ठाऊक पाहिजे, आणि येथेंच बाजार आपणांस फसवितो. खोक्यावर ‘३००० वॅट’ असें ठळक छापलेलें असतें. तो आंकडा बहुधा क्षणिक कमालीचा असतो, किंवा निव्वळ जाहिरातीचा. आपण पाहावयाचा तो सातत्यानें मिळणारा ‘आर. एम. एस.’ आंकडा. तोहि संशयास्पद वाटला तर यंत्राच्या पाठीवरील फ्यूज मोजावे. समजा, तेथें तीस अँपियरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे यंत्र सतत ६० अँपियरहून अधिक घेऊं शकणार नाहीं. ६० गुणिले १३.८ म्हणजे ८२८ वॅट आंत. त्याचे शेंकडा ८० म्हणजे सुमारें ६६० वॅट बाहेर. मग तीन हजार कोठून येणार? भागाकार-गुणाकार येणाऱ्या ग्राहकास ठकविणें कठीण असतें.

येथें कोणी विचारील, मुळांत निराळ्या ध्वनिवर्धकाची गरजच काय? गाडीच्या रेडिओंत एक लहान ध्वनिवर्धक असतोच. परंतु त्यास १४.४ व्होल्टांहून अधिक दाब मिळत नाहीं. तेवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला, कसलीहि तूट नाहीं असें धरलें तरी, १४.४ च्या वर्गाला आठानें भागून, सुमारें २६ वॅटच देतां येतात. प्रत्यक्षांत पंधरा-वीस मिळतात. मोठ्या ध्वनिवर्धकाच्या पोटांत एक परिवर्तक असतो; तो बॅटरीचा दाब प्रथम कित्येक पटींनीं वाढवितो आणि मगच तो ध्वनीच्या कामीं लावतो. जास्त शक्ति मिळते ती यामुळें. ती कोठून आकाशांतून येत नाहीं. बॅटरीकडून येणाऱ्या एकाच तारेंतून ती यावयाची असते. म्हणून त्या तारेचा विचार सर्वांत अगोदर.

तारेची निवड

बॅटरी पुढें बॉनेटखालीं आणि ध्वनिवर्धक मागें डिकींत, असें धरलें तर तारेची लांबी सुमारें ५ मीटर होते. घरांतील विजेच्या कामाची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर काय होईल? तांब्याच्या विशिष्ट रोधावरून अशा पांच मीटर तारेचा रोध सुमारें ०.०३४ ओहम येतो. हा आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु ९० अँपियर वाहूं लागले कीं तीन व्होल्टांहून अधिक दाब तारेंतच खर्च होतो, आणि तारेंत सुमारें २८० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे गालिच्याखालीं तापलेली शेगडी पसरून ठेवल्यासारखेंच झालें. तारेवरील साधारण प्लॅस्टिकचें वेष्टण ७० अंश सेंटिग्रेडपर्यंतच टिकावयाचें. तें वितळूं लागतें.

आतां ३५ चौरस मिलिमीटरची तार घ्या. तिचा रोध सुमारें ०.००२५ ओहम, दाबाची तूट ०.२२ व्होल्ट, उष्णता सगळी मिळून २० वॅट, आणि तीहि पांच मीटरवर विभागलेली. हाताला ती जेमतेम कोमट लागेल. संगीत कांहीं अखंड पूर्ण जोरानें वाजत नाहीं, सरासरी प्रवाह बराच कमी असतो, हें खरें. परंतु पूल बांधतांना तो रिकाम्या बैलगाडीसाठीं बांधीत नाहींत, भरलेल्या मालमोटारीसाठीं बांधतात.

तार विकत घेतांना आणखी एक सावधगिरी बाळगावी. स्वस्त संचांतील तारा पुष्कळदां ॲल्युमिनियमच्या असून त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. अशी तार तांब्याच्या मानानें वीज दोनतृतीयांशहि वाहून नेत नाहीं. म्हणून तिची जाडी दीडपटीहून अधिक घ्यावी लागते. तिची परीक्षा सोपी आहे. एक बारीक तंतु घेऊन चाकूनें खरवडावा. वर तांबूस आणि आंत पांढरा दिसला तर तें ॲल्युमिनियम. वर पांढरा आणि आंत तांबूस दिसला तर ती कल्हई केलेली खरी तांब्याची तार होय, आणि आपल्या दमट कोंकणपट्टींत ती अधिकच चांगली. हातांत घेतल्यावरहि तांब्याचें वजन लपत नाहीं. तें ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतें.

कोड्याचा उलगडा

आतां फ्यूजकडे वळूं. फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं तो स्वतः वितळून बाकीच्यांस वांचवितो. पण तो वांचवितो कोणास? जो प्रवाह त्याच्यामधून जातो त्याच्याच वाटेवरच्या वस्तूंस. हा मुद्दा नीट ध्यानांत धरावा.

त्या जळालेल्या गाडींत फ्यूज डिकींतील ध्वनिवर्धकावर होता. बॅटरीपासून तेथपर्यंतची पांच मीटर तार बिनफ्यूजची होती. इंजिन आणि बैठक यांच्यामधील लोखंडी पडद्याला कारागिरानें भोंक पाडलें होतें, आणि त्या भोंकाच्या धारदार कडेवरूनच तार नेली होती. रबरी कडें घातलें नव्हतें. चार महिने गाडीच्या हादऱ्यांनीं ती कड तारेचें वेष्टण कापीत राहिली. शेवटीं तांबें उघडें पडून लोखंडाला टेकलें. मोटारीचा सर्व सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. म्हणून वीज बॅटरीच्या धन टोकांतून निघाली, त्या कापलेल्या जागेपर्यंत आली, आणि तेथूनच सांगाड्यांतून परत बॅटरीकडे गेली. या वाटेवर रोध जवळजवळ नाहींच. म्हणून कित्येक शतें अँपियर वाहिले. परंतु डिकींतील फ्यूजपर्यंत त्यांतला एक अँपियरहि पोंचला नाहीं. मग तो वितळावा तरी कां?

पाण्याच्या टाकीपासून न्हाणीघरापर्यंत नळ नेला, चावी न्हाणींत बसविली, आणि नळ टाकीजवळच फुटला, तर न्हाणींतील चावी बंद करून काय उपयोग? चावी टाकीजवळ पाहिजे. त्याचप्रमाणें मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, जास्तींत जास्त ४५ सेंटिमीटरच्या आंत, बसविला पाहिजे. जितका जवळ तितका बरा. ध्वनिवर्धकावरील फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं, आणि बॅटरीजवळील फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं. दोन्ही हवेत, एकाचें काम दुसरा करूं शकत नाहीं.

मुख्य फ्यूजचा आंकडा तारेच्या ऐपतीपेक्षां कधींहि मोठा नसावा. ३५ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या तारेस १२५ अँपियरचा फ्यूज योग्य होय. तो वितळला तर कारण शोधावें. त्याच्या जागीं मोठा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद घालणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपेचें औषध देऊन निश्चिंत होण्यासारखें आहे. पुढें एका जाड तारेपासून दोन यंत्रांसाठीं बारीक तारा फोडल्या तर त्या फांट्यापाशीं प्रत्येक बारीक तारेस तिच्या ऐपतीचा निराळा फ्यूज द्यावा.

कामाचा क्रम

ज्यास हें काम स्वतः करावयाचें असेल, त्यानें पुढील क्रम सोडूं नये. ज्या गाडींत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, म्हणजे विजेवर चालणाऱ्या किंवा मिश्र शक्तीच्या गाडींत, त्यानें हात घालूंच नये. तेथें शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि तें काम त्या गाडीच्या शिकलेल्या कारागिरांचेंच आहे. पिवळ्या जोडण्यांच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांसहि स्पर्श करूं नये.

प्रथम बोटांतील अंगठी व हातांतील कडें काढून ठेवावें. नंतर बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. धन टोक प्रथम सोडवूं नये. याचें कारण सोपें आहे. ऋण टोक जोडलेलें असतां धन टोकावरील पाना चुकून लोखंडी अंगास लागला तर बॅटरी पान्यामधूनच वाहूं लागते व ठिणग्या उडतात. ऋण टोक आधींच सुटलेलें असेल तर वाटच तुटलेली असल्यानें कांहीं होत नाहीं. जोडतांना हाच क्रम उलट, म्हणजे ऋण टोक सर्वांच्या शेवटीं. मुख्य फ्यूजहि शेवटपर्यंत घरट्यांत घालूं नये.

धनतार लोखंडी पडद्यांतून नेतांना, कारखान्यानें ठेवलेलें रबरी बूच सांपडल्यास त्यांतूनच न्यावी. नवें भोंक पाडणें भागच पडलें तर पलीकडे ब्रेकची नळी किंवा दुसऱ्या तारा नाहींत हें दोन्ही बाजूंनीं पाहावें, कडा कानशीनें घासाव्या, त्यांस गंज येऊं नये म्हणून रंग द्यावा, आणि रबरी कडें घालावें. तारेवर आणखी नालीदार प्लॅस्टिकची नळी चढवावी. बैठकींचे सरकते रूळ, पायांखालचीं पेडलें आणि तापणारा धुराड्याचा पाइप यांपासून तार दूर ठेवावी, व ठिकठिकाणीं बांधून टाकावी. रेडिओकडून येणारी गाण्याची बारीक तार दुसऱ्या बाजूनें न्यावी. जाड तारेच्या सोबतीनें गेल्यास स्पीकरमध्यें गुणगुण शिरण्याचा संभव असतो.

ऋण बाजूची तार तितकीच जाड, परंतु आंखूड, शक्य तों ४५ सेंटिमीटरच्या आंत असावी. ती डिकीच्या लोखंडी तळाला घट्ट बोल्टनें जोडावी. जोडण्याच्या जागेवरील रंग पॉलिशपेपरनें घासून चकचकीत लोखंड उघडें करावें, दातेरी वॉशर घालावा, आणि जोडणी झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावावा. नाहींतर एका पावसाळ्यांतच गंज तेथें घर करतो. सुरक्षापट्ट्याचे बोल्ट या कामीं वापरूं नयेत. त्यांचें काम मनुष्याचा जीव धरून ठेवण्याचें आहे. खालीं भोंक पाडण्यापूर्वीं गाडीखालीं वांकून पाहावें, कारण पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी मागल्या आसनाखालीं किंवा डिकीच्या तळाशींच असते.

प्रत्येक सांधा घट्ट असला पाहिजे, हें आम्ही निक्षून सांगतों. एखाद्या सैल सांध्याचा रोध केवळ एक शतांश ओहम असला तरी ९० अँपियर वाहतांना त्या एकाच ठिकाणीं ८१ वॅट उष्णता निघते. आपल्या प्रयोगशाळेंतील सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचें असतें, आणि तेंहि शिसें-कथील वितळवितें! म्हणून तारेच्या टोकांस तांब्याची टोपी योग्य हत्यारानें दाबून बसवावी; नुसती तार पिळून स्क्रूखालीं दडपूं नये. काम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटें मध्यम आवाजांत गाणें वाजवावें, मग यंत्र बंद करून प्रत्येक सांध्यास हात लावून पाहावा. जेथें चटका बसेल तेथें दोष आहे. महिन्याभरानें सर्व बोल्ट पुन्हां एकदां आंवळावे.

यंत्र स्वतः लांकडी फळीवर स्क्रूंनीं पक्कें बसवावें. तें सैल ठेवल्यास एखाद्या धडकेंत चारपांच किलोचा तो धातूचा ठोकळा मागून येऊन बसणाऱ्यांच्या पाठींत बसेल. त्यावर चादर, पिशव्या किंवा क्रिकेटचें सामान टाकूं नये. पूर्ण जोरावर अडीचशें वॅट उष्णता त्यास बाहेर टाकावयाची असते, आणि नागपूरकडील वैशाखांत बंद गाडी आधींच भट्टी झालेली असते.

सर्वांत बारीक तार ही यंत्रास ‘जागा हो’ असें सांगणारी. ती रेडिओच्या नेमक्या टोकास जोडावी, म्हणजे रेडिओ बंद होतांच ध्वनिवर्धकहि झोंपतो. ती कायम चालू असलेल्या टोकास जोडली तर गाडी उभी असतांहि यंत्र एखादा अँपियर ओढीत राहतें, आणि लहान गाडीची ४० अँपियर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आंत रिकामी होते.

आवाजाचें बटण आणि गेन

यंत्रावर ‘गेन’ नांवाचें एक बटण असतें. पुष्कळजण तें आवाज वाढविण्याचें समजून शेवटपर्यंत फिरवितात. वस्तुतः तें रेडिओकडून येणाऱ्या संकेताची उंची यंत्राच्या ऐपतीशीं जुळविण्याकरितां आहे. तें फाजील वाढविल्यास ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो, आणि स्पीकरचें वेटोळें तापून जळतें.

जुळवणी करण्याची रीत अशी. स्पीकर सोडवून ठेवावा, खर्ज वाढविण्याचीं बटणें शून्यावर आणावीं, रेडिओचा आवाज तीनचतुर्थांश ठेवावा, आणि ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवावा. मल्टीमीटर प्रत्यावर्ती दाबावर लावून तो यंत्राच्या स्पीकरकडील टोकांस धरावा. शक्ति आणि रोध यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ हा आपला इष्ट दाब. १००० वॅट व २ ओहम असल्यास २००० चें वर्गमूळ, म्हणजे ४४.७ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवून तेथें थांबावें. या वेळीं टोकांस बोटें लावूं नयेत, कारण हा दाब बारा व्होल्टांइतका गरीब नाहीं. आणि यंत्र किती ओहमपर्यंतचा भार सोसतें हें आधीं वाचावें. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले कीं दोन ओहम होतात, आणि चार जोडले कीं एक. एक ओहमचा भार न सोसणारें यंत्र अशा जोडणीनें तापून बंद पडतें, क्वचित् जळतेंहि.

वीज येते कोठून?

बॅटरी ही केवळ कोठी. पिकविणारा शेतकरी म्हणजे अल्टरनेटर. लहान गाड्यांचे अल्टरनेटर बहुधा ६५ ते ९० अँपियरचे असतात, आणि दिवे, पंखा, इंधनपंप व थंड हवेचें यंत्र यांसाठींच त्यांतला मोठा भाग लागतो. म्हणून ढोलाच्या प्रत्येक ठोक्यास दिवे मंद होऊं लागले तर तें गाडीचें गाऱ्हाणें समजावें. त्यावर विक्रेते एक फॅरडचा धारित्र, म्हणजे कॅपॅसिटर, बसविण्याचा सल्ला देतात. त्याचाहि हिशेब पाहूं. दाब १४ वरून १३ व्होल्टांवर येईतों असा धारित्र साडेतेरा ज्यूल ऊर्जा देतो. आपलें यंत्र सेकंदास १२५० ज्यूल खातें. म्हणजे धारित्राची पुंजी सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत संपते! खरा उपाय म्हणजे अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार आणि बॅटरी व इंजिन यांपासून सांगाड्यापर्यंतच्या तारा जाड करणें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर मोठा अल्टरनेटर, अथवा त्याहून शहाणपणाचें म्हणजे लहान ध्वनिवर्धक.

कान आणि शेजारी

यंत्र निर्धोक झालें म्हणजे सर्व झालें असें नाहीं. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसांतून आठ तास, ही कानास सोसण्याची मर्यादा मानतात. पुढें प्रत्येक तीन डेसिबेलला वेळ निम्मा होतो. या हिशेबानें १०० डेसिबेलला केवळ पंधरा मिनिटें मिळतात, आणि बंद गाडींतील मोठे वूफर त्याहिपलीकडे सहज जातात. आंतल्या कानांतील सूक्ष्म केसाळ पेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. शिवाय गाडींतील कोलाहलांत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेची आरोळी ऐकूं येत नाहीं. त्या गाडींत आपलाच कोणी आप्त असूं शकेल. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत वस्तीसाठीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातलेली आहे, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं शंभर मीटरचा शांततेचा पट्टा ठरविलेला आहे.

इतकी काळजी घेऊनहि कधीं धूर दिसलाच, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, सर्वांनीं उतरून दूर जावें, व ११२ या क्रमांकावर कळवावें. बॉनेट सताड उघडूं नये. आंतल्या आगीस हवा मिळून ती भडकते. जवळ कोरड्या भुकटीचें विझविण्याचें नळकांडें असल्यास फटींतून फवारा मारावा. सामान काढण्यासाठीं परत जाऊं नये.

उपसंहार

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. आधीं बसून खर्चाचा हिशेब करणें हें त्याचें पहिलें काम. तो हिशेब केवळ रुपयांचा नसतो. येथें तो अँपियरांचा, ओहमांचा आणि सोबत बसणाऱ्यांच्या जिवांचाहि आहे. आमच्या परिचयाच्या त्या चिरंजीवांनीं गाडी दुरुस्त होऊन आल्यावर दोन शनिवार आमच्यासमवेत बसून हा सर्व हिशेब कागदावर मांडला, आणि मगच तार घातली. मुख्य फ्यूज आतां बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे. जळालेल्या तारेचा तुकडा त्यांनीं शाळेस दिला असून तो प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेवलेला आहे. ओहमचा नियम शिकतांना ज्यास तो केवळ पुस्तकांतला वाटेल, त्यानें तो तुकडा एकदां हातांत घेऊन पाहावा.